मुलांना सगळे धर्म कळू द्या



शाळेत मुलाला धर्माचा पहिला धडा गुरुजी देत नाहीत. तो देतो दाखल-खारीज रजिस्टर लिहिणारा कारकून. आईचे बोट धरून आलेले सहा वर्षांचे पोर टेबलापुढे उभे असते आणि कारकून विचारतो, "धर्म कोणता? जात कोणती?" पोराला दोन्ही शब्द नवीन असतात. आई उत्तर देते, कारकून रकाना भरतो आणि ते उत्तर त्या पोराला शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत आणि त्याही पुढे चिकटून राहते. मी स्वतः कारकुनी पेशातला माणूस आहे, त्यामुळे रकान्याचे महत्त्व मला कोणी सांगायला नको. आपल्या समाजाला तर या एका रकान्याने किती रडवले! १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या, पुढे १९५६ मध्ये शिखांना मिळाल्या. बौद्धांना महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्या अखत्यारीत सवलती दिल्या, पण केंद्राच्या कायद्यात बौद्ध हा शब्द यायला १९९० साल उजाडले. तोवर मनाने बौद्ध आणि दाखल्यावर हिंदू महार, अशी किती पिढ्यांची ओढाताण झाली हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

तर असा हा धर्म रकान्यात शिरतो आणि नंतर चौथीपर्यंत त्याच्याविषयी कोणी काही बोलत नाही. परिपाठात प्रार्थना होते, सुविचार होतो, दिनविशेष होतो. भिंतीवर मूल्यशिक्षणाची दहा मूल्ये रंगवलेली असतात. राज्यात १९९७ पासून ती प्राथमिक शिक्षणात आली. श्रमप्रतिष्ठा, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा वगैरे, आणि त्यांतच सर्वधर्मसहिष्णुता. नीटनेटकेपणा शिकवायला गुरुजींकडे नखे तपासणे असते, वक्तशीरपणाला घंटा असते. सहिष्णुतेला काय असते? काही नाही. भिंतीवरचा रंग उडेपर्यंत तो शब्द तिथे असतो. मला तर तो शब्दच खटकतो. सहिष्णुता म्हणजे सोसणे. दाढदुखी सोसतात. शेजारच्या बाकावरच्या मुलाला सोसायचे, हे काय शिक्षण झाले?

मात्र मधल्या सुट्टीत धर्माचे शिक्षण जोरात चालू असते. कोणाच्या डब्यात काय आहे, कोण पाया पडत नाही, कोणाच्या घरी कोणाचा फोटो आहे, कोणाच्या नावामागे काय लागते, हे सगळे तिसरीतल्या पोरांना पाठ असते. ते त्यांना कुठून कळले? घरून आणि पारावरून. आणि आता मोबाईलवरून, जो पाराच्याही शंभर पावले पुढे आहे.

म्हणून आज प्राथमिक शाळेतल्या मुलांना वेगवेगळ्या धर्मांची ओळख द्यावी की नाही, यावर लिहायचे ठरवले. यावर आपल्याच लोकांत दोन मते आहेत.

आधी आपल्या तिसगावकडे पाहू. आम्ही पाथर्डी तालुक्यातले, नगर-पाथर्डी रस्त्यावरचे. जिल्हा आता कागदोपत्री अहिल्यानगर झाला, जुन्या माणसांच्या तोंडी नगरच आहे. या भागात धर्म शिकवायला जगाचा नकाशा टांगावा लागत नाही. जवळच मढी. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे यात्रा भरते. भटक्या जमातींची ती पंढरी, गाढवांचा बाजार तिथला, एके काळी जातपंचायतीही तिथेच बसत. समाधीला कोणी कानिफनाथ म्हणते, तर मुसलमान लोक शाह रमझान माही सवार म्हणतात. हे कोणी काल काढलेले नाही. १८८४ च्या इंग्रजी आमदानीतल्या जिल्हा गॅझेटियरातही मढीच्या या देवस्थानाची दोन्ही समाजांची नावे दिली आहेत. खरे नाव कोणते, हे तिसरीच्या वर्गात ठरवायचे नाही. एकाच जागेला दोन नावांनी हाक मारणारी माणसे आपल्या तालुक्यात आहेत, एवढे मुलांना कळले तरी तास सत्कारणी लागला.

आणि याच मढीच्या ग्रामसभेत फेब्रुवारी २०२५ मध्ये ठराव झाला की यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत. राज्यभर बातम्या झाल्या, प्रशासनाने ठराव नियमबाह्य ठरवला. त्याच्या बाजूने आणि विरोधात मोठी माणसे पुष्कळ बोलली. मला प्रश्न पडतो तो पोरांचा. ज्यांच्या बापाचे यात्रेत बांगड्यांचे, खेळण्यांचे दुकान लागते त्यांची मुले आपल्याच शाळांत बसतात. त्या आठवड्यात कोणत्या शाळेत कोणत्या गुरुजींनी वर्गात या विषयावर एक वाक्य तरी उच्चारले असेल? मी गुरुजींना दोष देत नाही. बोलायचे कसे, हे त्यांना डी.एड.ला कोणी शिकवलेलेच नसते.

मढीच काय, चिचोंडीही आपल्याच तालुक्यात. आचार्य आनंदऋषीजी महाराज १९०० साली तिथे जन्मले, १९९२ मध्ये नगरला त्यांचे निर्वाण झाले. आपल्याकडे त्यांचे नाव हॉस्पिटलमुळे सर्वांना माहीत आहे. पण जैन साधू तोंडाला पट्टी का बांधतात, हे हॉस्पिटलात जाऊन आलेल्या दहांपैकी किती जणांना सांगता येईल? श्रीगोंद्याला शेख महंमद होऊन गेले, मुसलमान घरातले आणि 'योगसंग्राम' लिहिणारे मराठी संतकवी. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आले. मिस फरार यांच्या शाळेत सावित्रीमाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते याच गावात. अरणगावला मेहेरबाबांची समाधी आहे, ते पुण्याच्या इराणी झरतुष्ट्री घरातले. दरवर्षी ३१ जानेवारीला परदेशातून माणसे येतात, त्यांना पाहायला आपली पोरे रस्त्यावर उभी राहतात, आणि हे लोक कोण, कशासाठी आले, हे विचारले तर मोठी माणसेही खांदे उडवतात. औरंगजेब बादशहा १७०७ मध्ये भिंगारला मेला. त्याच्या शेवटच्या दिवसांत गुरू गोविंदसिंगांचे पत्र घेऊन भाई दयासिंग नगरपर्यंत आले, असे शीख परंपरा सांगते. नगरच्या किल्ल्यात १९४२ नंतर जे नेते कैदेत होते, त्यांत कुराणाचे भाष्यकार मौलाना आझाद होते आणि 'बौद्ध धर्म-दर्शन' लिहिणारे आचार्य नरेंद्र देवही होते. उरला यहुदी धर्म. तो नगर जिल्ह्यात नाही म्हणावे तर कोकणात आहेच. अलिबागकडचे बेने इस्राएल मराठी बोलत, तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांचे नाव पडले शनिवार तेली. ही एक गोष्ट सांगितली की चौथीच्या पोराला शब्बाथ म्हणजे काय हे जन्मभर विसरता येणार नाही!

आता कायद्याकडे येतो. पुष्कळ शिक्षक म्हणतात, सरकारी शाळेत धर्माचा विषय काढायचाच नाही, कायद्याने बंदी आहे. हे अर्धे खरे आहे.

संविधानाच्या अनुच्छेद २८ ने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. हे कलम संविधान सभेत ७ डिसेंबर १९४८ रोजी चर्चेला आले तेव्हा बाबासाहेबांनी तीन कारणे दिली. एक, सर्वांच्या कराचा पैसा एका धर्माच्या शिकवणीवर खर्च करता येणार नाही. दोन, या देशात धर्म इतके आहेत की प्रत्येकाच्या शिकवणीची सोय एका शाळेत होणार कशी? आणि तिसरे, धर्म आपापसांत समाजविघातक वागतात, मोक्षाचा खरा मार्ग आमचाच आणि बाकीचे चूक असे प्रत्येक जण म्हणतो. हे वाद वर्गात आणले तर शाळेची शांतता राहील का, असा त्यांचा रोख होता. याच चर्चेत त्यांना विचारण्यात आले की मग धर्मग्रंथांचा अभ्यासही बंद का? बाबासाहेबांनी त्यावर फरक सांगितला. देव एकच आहे, अमुक प्रेषित शेवटचा आहे, हे मानायला लावणे ही मतप्रणालीची शिकवण झाली. अभ्यास ही निराळी गोष्ट आहे. मनाई पहिल्याला आहे.

आपल्या किती कार्यकर्त्यांनी हे वाचले आहे? भाषणात आपण अनुच्छेद १७ सांगतो, ३४० सांगतो. २८ कोणी सांगत नाही.

पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने प्रमुख धर्मांची निवडक माहिती नागरिकत्वाच्या शिक्षणाचा भाग म्हणून द्यावी असे सुचवले. मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण ज्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते, तिने फेब्रुवारी १९९९ च्या अहवालात तेच सांगितले. त्यावर वाद होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर २००२ मध्ये न्यायालयाने धार्मिक शिक्षण वेगळे आणि धर्मांविषयीचे शिक्षण वेगळे, दुसऱ्याला संविधानाची आडकाठी नाही, असा निकाल दिला. बाबासाहेबांनी जो फरक १९४८ मध्ये सांगितला, तोच चोपन्न वर्षांनी न्यायालयातून पुन्हा आला.

चव्हाण समितीच्या अहवालाशी माझे दोन ठिकाणी जमत नाही. समिती म्हणते, ही ओळख उच्च प्राथमिक (मिडल) टप्प्यापासून सुरू करावी. तोवर फार उशीर होतो. सहावी-सातवीतल्या मुलाचे मत बनलेले असते, मधल्या सुट्टीने ते बनवून ठेवलेले असते. दुसरे, समिती म्हणते की सगळ्या धर्मांचे मूळ एकच, आचार तेवढे वेगळे. ऐकायला गोड आहे, पण खरे नाही. तथागतांनी ईश्वर आणि आत्मा यांच्यावर आपला धम्म उभा केला नाही. महंमद पैगंबरांच्या शिकवणीत अल्ला नसेल तर उरते काय? ही दोन्ही एकच आहेत असे मुलाला सांगणे म्हणजे दोन्ही धर्मांविषयी खोटे सांगणे. सगळे सारखेच असते तर येवल्याच्या १९३५ च्या घोषणेनंतर बाबासाहेब एकवीस वर्षे कशाचा शोध घेत होते? मुलाला फरक फरक म्हणूनच कळू द्यावा. फरक असूनही एका बाकावर बसता येते, हे त्याला बाकावर बसून कळतेच.

आपल्या घरांतली भीती वेगळी आहे. आमच्या वस्तीतल्या एका ताईंनी मला विहारात थांबवून विचारले, "दादा, पोरगी इंग्रजी शाळेत जाते. परवा येशूची गोष्ट सांगत होती, काल विचारत होती रोजा का धरतात म्हणून. आपण हे देवधर्म सोडून आलो ना? मग आता पुन्हा हे डोक्यात कशाला?" मी म्हटले, "ताई, बावीस प्रतिज्ञांत मानणार नाही, उपासना करणार नाही असे आहे. माहिती करून घेणार नाही, असे कुठे आहे?" बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण या चौघांना शेजारी ठेवून तुलना केली. वाचल्याशिवाय ती करता आली असती का? आपण बौद्ध आहोत ते निवडून. निवड करायची तर दुकानात एकच माल असून भागत नाही.

महात्मा फुल्यांनी तर याच्याही पुढचे चित्र काढून ठेवले आहे. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त ते एक घर कल्पितात. बाई बुद्धाचा ग्रंथ वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. आणि चौघे एका छपराखाली प्रेमाने राहतात. कोणी कोणाचा द्वेष करत नाही. सव्वाशे वर्षांहून जुने हे पान आपल्या कौटुंबिक वाचनात यायला हवे. (आमच्याकडे घरात दोन पक्षांचे मतदार असले तरी जेवणे वेगळी होतात, ही गोष्ट निराळी!)

आता उलट बाजूही सांगतो, कोणाला राग आला तरी. काही ठिकाणी आपले कार्यकर्ते मागणी करतात की परिपाठात सरस्वतीची प्रार्थना नको, बुद्धवंदना लावा. पहिल्या अर्ध्या मागणीला संविधानाचा आधार आहे, दुसरीला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळ्यांकडून त्रिशरण म्हणवून घेणे हेही धार्मिक शिक्षणच. अनुच्छेद २८ चे तिसरे कलम मान्यताप्राप्त आणि अनुदानित शाळांतही मुलाला पालकाच्या संमतीशिवाय उपासनेला बसवता येणार नाही असे सांगते. ते आपल्या मुलाला जसे आहे तसे शेखांच्या मुलालाही आहे. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला, त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली, आणि २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ज्यांच्या मुलावर अशी सक्ती होत असेल त्यांनी शाळेच्या दारात भांडू नये. साध्या कागदावर अर्ज लिहावा, अनुच्छेद २८ चा उल्लेख करावा, दोन प्रती कराव्यात, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती पोच जपून ठेवावी. कारकून म्हणून सांगतो, आवक क्रमांक पडलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते, आरडाओरड्याला नाही.

मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात मनाचे श्लोक आणि भगवद्गीता यांच्या पाठांतराची सूचना होती, मूल्यांच्या प्रकरणात मनुस्मृतीतला श्लोक होता. महाडला निदर्शने झाली. मला विचाराल तर मनुस्मृती हा ग्रंथ काय होता आणि १९२७ साली महाडला तो का जाळला, हे मुलांना जरूर शिकवावे. तोच ग्रंथ सुविचारासारखा वापरणे म्हणजे अभ्यास सोडून मतप्रणालीकडे जाणे. आणि पाठांतराचा अर्थ कोण विचारतो? पोपटाला सगळेच धर्म सारखे.

मग शिकवायचे कसे? पुस्तकी पद्धत मला येत नाही, पण रविवारच्या बालवर्गात बसून काही गोष्टी ध्यानात आल्या आहेत. सगळ्यात मोठी गोष्ट मराठी क्रियापदाची आहे. "येशू तिसऱ्या दिवशी जिवंत झाला" असे म्हणायचे नाही, "येशू तिसऱ्या दिवशी जिवंत झाला असे ख्रिस्ती लोक मानतात" असे म्हणायचे. हाच नियम आपल्यालाही लावायचा. "मानतात" या एका शब्दाने शिकवणीचा अभ्यास होतो. दुसरे, वर्गात एकच मुसलमान मूल असेल तर त्याला उभे करून "सांग रे, तुमच्यात काय करतात?" असे विचारू नये. ते मूल नमुना नाही. त्याला स्वतःहून बोलायचे असेल तर बोलू द्यावे. आपल्या किती जणांना लहानपणी "तुम्ही लोक" म्हणून असे उभे केले होते, आठवा जरा. तिसरे, वर्गात नमाजाचे किंवा आरतीचे नाटक करू नये, दुसऱ्याची उपासना हा स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम नव्हे.

इंग्लंडात बर्मिंगहॅम शहराने १९७५ मध्ये शाळांसाठी नवा अभ्यासक्रम केला आणि ख्रिस्ती धर्माबरोबर इतर धर्मही वर्गात आणले. तिथे स्थलांतरितांची मुले शाळेत आली होती, म्हणून हे करणे भाग पडले. आपल्याकडे तर वेगवेगळ्या धर्मांची माणसे हजार वर्षे शेजारी आहेत आणि अजून आपल्याला भाग पडलेले नाही.

अवघड प्रश्न जातीचा येतो. नऊ वर्षांच्या मुलाला हिंदू धर्म सांगताना अस्पृश्यता सांगायची का? सांगायची. चवदार तळे लपवून धर्माची ओळख होत नाही. पण त्या वर्गात बसलेले मराठ्याचे किंवा वंजाऱ्याचे पोर त्या पाण्याला जबाबदार नाही, हेही सांभाळायचे. आणि तुलना करताना आपले तथागत आणि त्यांचे दंगलखोर असे तराजू लावायचे नाहीत. ब्रह्मदेशात रोहिंग्यांवर जे अत्याचार झाले, तेव्हा काही चीवरधारीच द्वेष पसरवत होते. हेही मोठ्या मुलांना कधीतरी सांगावे लागेल.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध होते, देशातल्या सगळ्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त. तरी वर्गातल्या बाकीच्या पोरांना बौद्ध म्हणजे काय हे ठाऊक नसते, निळा झेंडा तेवढा ठाऊक असतो. इतरांनी आपल्याला जाणावे असे वाटत असेल तर ही मागणी सगळ्यांत आधी आपणच शाळा व्यवस्थापन समितीत मांडायला हवी. समितीत पालक असतात, तिथे ठराव करता येतो. एक अडचण मात्र आपल्या तालुक्याची आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला बिऱ्हाडे जातात, पोरेही जातात, आणि जे काही शिकवायचे ते त्यांच्या मागे होऊन जाते. म्हणून असे तास हंगाम संपून लोक परततात त्या सुमारास ठेवावेत. मढीची यात्राही तेव्हाच असते, धडा समोर उभा असतो.

शाळा करील तेव्हा करील. आम्ही येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बालवर्गाची मुले पालकांच्या लेखी संमतीने नगरला एक चर्च, एक मशीद, एक जैन स्थानक आणि एक गुरुद्वारा दाखवायला न्यायचे ठरवत आहोत. जाण्याआधी मुलांनी आपले प्रश्न वहीत लिहायचे. काहींनी आत्ताच लिहून दिले आहेत. जैन लोक रात्री का जेवत नाहीत? मशिदीत फोटो का नसतो? येशूला कोणी मारले आणि का? शीख केस का कापत नाहीत? आणि चौथीतल्या एका मुलीने आपल्याच घराविषयी लिहिले आहे की, बुद्ध देव नाहीत तर आपण त्यांच्यापुढे मेणबत्ती का लावतो आणि हात का जोडतो? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे त्या त्या ठिकाणचे लोक देतील. पाचव्याचे उत्तर पालकांनी सुट्टी लागण्याआधी लिहून आणायचे आहे. आलेल्या उत्तरांपैकी निवडक पुढच्या महिन्यात या सदरात देईन.